बोलका प्रतिपक्षी

बुद्धिबळाचा डाव मांडून बसलेल्या माणसाशीं बोलूं नये, ही शिकवण मराठी घरांतून कोणीं कोणाला फारशी दिलेली दिसत नाहीं. ओसरीवर पट मांडला कीं खेळणारे दोघे आणि सांगणारे दहा, असाच बहुधा प्रकार असे. "अहो, तो घोडा उचला आधीं!" हा सल्ला पानाच्या तबकाबरोबरच फिरे, आणि वजीर मारला गेला म्हणजे मारणाऱ्यापेक्षां पाहणाऱ्यांनाच अधिक आनंद होई. तो खेळ सावकाशीचा होता. जेवणानंतर मांडलेला डाव दिवेलागणीपर्यंत चालला तरी कोणाची तक्रार नसे, आणि अशा खेळांत बोलण्यानें कांहीं बिघडत नसे; किंबहुना बोलणें हा निम्मा खेळच असे. आज त्याच खेळाचें जें रूप मोबाइलच्या कांचेवर घरोघरीं दिसतें, त्याची गोष्ट निराळी आहे. एका बाजूला तीन मिनिटें, दुसऱ्या बाजूला तीन मिनिटें. समोरचा मनुष्य दिसत नाहीं, त्याचें खरें नांव ठाऊक नसतें. आणि तरीहि पटाशेजारच्या एका लहानशा चौकटींत अक्षरें उमटवून तो बोलत असतो.

एका सुशिक्षित घरांतील संध्याकाळ डोळ्यांपुढें आणावी. तेरा वर्षांची नात तीन मिनिटांचा डाव खेळत आहे आणि आजोबा चष्मा सांवरून शेजारीं बसले आहेत. नातीजवळ एक हत्ती जास्त आहे. तिच्या घड्याळांत चाळीस सेकंद उरले आहेत, प्रतिपक्ष्याच्या घड्याळांत बत्तीस. डाव जिंकल्यांतच जमा. तोंच चौकटींत इंग्रजी शब्द उमटतात : कोठून खेळतेस? नात देशाचें नांव लिहिते. लगेच दुसरा प्रश्न : वय किती? ती क्षणभर अडखळते, आंकडा लिहिते, आणि मग घाईघाईनें जी खेळी करते तींत तो जास्तीचा हत्ती उंटाच्या तोंडीं जातो. पुढच्या पंधरा खेळ्या केवळ धांवपळीच्या. तिचा वेळ संपतो आणि डाव हातचा जातो.

"आजोबा, मी जिंकत होतें हो!"

"मग मध्येंच त्याला उत्तर कशाला देत बसलीस?"

"त्यांनीं विचारलं ना! उत्तर दिलं नाहीं तर उद्धटपणा दिसला असता."

आजोबांना यावर बोलतां येत नाहीं, कारण विचारलें असतां उत्तर द्यावें हें त्यांनींच तिला शिकविलेलें आहे. मुलीच्या खेळांत दोष नव्हता; तिच्या सद्गुणानेंच तिचा घात केला. या लहानशा प्रसंगांत जो पेंच आहे तो जलद खेळणाऱ्या प्रत्येकाला केव्हां ना केव्हां पडतो, मग तो खेळाडू शाळकरी असो वा सेवानिवृत्त अधिकारी असो.

प्रथम हिशेब पाहावा. तीन मिनिटें म्हणजे एकशें ऐंशी सेकंद. डाव चाळीस खेळ्यांचा झाला तर एका खेळीच्या वांट्याला साडेचार सेकंद येतात. ज्याला बुलेट म्हणतात त्या एका मिनिटाच्या खेळांत तर दीडच सेकंद. चारपांच शब्दांचें साधें उत्तर लिहावयाला सराईत माणसालाहि चारपांच सेकंद लागतात, म्हणजे एका उत्तराची किंमत एक सबंध खेळी! मोबाइलवर खेळणाऱ्याची अडचण याहून मोठी. लिहावयाला जावें तों अक्षरांची पाटी खालून वर येते आणि पटाचा बराच भाग झांकून टाकते. अमेरिकन जगज्जेता बॉबी फिशर यानें प्रत्येक खेळीगणिक थोडा वेळ वाढवून देणारें घड्याळ काढलें. त्याचें पेटंट १९८९ सालीं मिळालें आणि १९९२ च्या स्पास्कीबरोबरच्या सामन्यांत तें वापरलें गेलें. त्या रीतीप्रमाणें तीन मिनिटांवर खेळीमागें दोन सेकंद मिळाले, तर चाळीस खेळ्यांत ऐंशी सेकंदांची भर पडते आणि गप्पिष्ट माणसाचा उपद्रव तेवढा कमी होतो. ज्याला उत्तर दिल्यावांचून चैनच पडत नाहीं, त्यानें निदान असा वाढीव वेळाचा डाव निवडावा.

परंतु या हिशेबांत एक बारीक अन्याय आहे आणि तो सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. बोलका प्रतिपक्षी प्रश्न केव्हां विचारतो? आपली खेळी करून झाल्यावर, म्हणजे ज्या वेळीं त्याचें घड्याळ थांबलेलें आणि दुसऱ्याचें चालू असतें तेव्हां. त्याला प्रश्न फुकट पडतो. उत्तर मात्र उत्तर देणाऱ्याच्या खिशांतून जातें. उत्तर प्रतिपक्ष्याच्या वेळांत लिहावें असें कोणी म्हणेल. तें स्वस्त खरें, पण जलद खेळांत दुसऱ्याचा वेळ हाच विचाराचा वेळ असतो. कसलेले खेळाडू तर त्याच वेळांत पुढील खेळी आगाऊ नोंदवून ठेवतात, म्हणजे आपली पाळी येतांच ती आपोआप केली जाते. तो काळ गप्पांत घालविणें म्हणजे दुकानांत गिऱ्हाइकें उभीं असतां शेजाऱ्याशीं राजकारण बोलत बसण्यासारखें आहे.

बोलण्यानें चित्त विचलित होतें असें सर्वच म्हणतात. पण बोलण्याचा नेमका कोणता अंश बाधतो? १९९६ सालीं ट्रेव्हर रॉबिन्स आणि त्यांचे सहकारी यांनीं बुद्धिबळपटूंवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पटावरील स्थिति स्मरणांत ठेवणें आणि योग्य खेळी शोधून काढणें अशीं कामें खेळाडूंना दिलीं होतीं, आणि त्याच वेळीं दुसरें कांहीं तरी करावयास लावलें होतें. कोणी तोंडानें एकच शब्द घोकीत राहिला तर त्याच्या खेळांत फरक पडला नाहीं. परंतु बोटांनीं कळा दाबीत राहावयास सांगितलें तेव्हां खेळ बिघडला; आणि मनांत येतील तशीं, कोणताहि क्रम न ठेवतां, अक्षरें उच्चारावयास सांगितलीं तेव्हां खेळी शोधण्याचें काम तर फारच बिघडलें. यावरून ओसरीवरच्या बडबडीनें डाव कां बिघडत नसे तें समजतें. ती नुसती कानांवरून जात असे. ऑनलाइन चौकटींतील प्रश्नाला उत्तर द्यावयाचें म्हणजे काय लिहावें हें ठरवावें लागतें, आणि मग बोटांनीं कळा शोधाव्या लागतात. प्रयोगांत जीं दोन कामें घातक ठरलीं त्यांच्याच जातीचीं हीं दोन कामें एका वेळीं येतात. हिकारू नाकामुरासारखे कांहीं खेळाडू शेंकडों प्रेक्षकांशीं बोलत बोलत बुलेट डाव जिंकतात, हें खरें. पण ते आपल्या मर्जीनें बोलतात, तोंडानें बोलतात, आणि ऐन आणीबाणीच्या क्षणीं खुशाल गप्प बसतात. त्यांचें अनुकरण करूं पाहणाऱ्यानें आधीं त्यांच्याएवढें खेळावें हें बरें.

हा उपद्रव कांहीं संगणकानें जन्माला घातलेला नाहीं. बेंजामिन फ्रँकलिन हा विजेचा अभ्यासक आणि मुत्सद्दी बुद्धिबळाचा मोठा शौकीन होता. १७८६ सालीं या खेळाच्या नीतीवर त्याचा एक छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. प्रतिपक्षी विचार करीत असतां गाऊं नये, शीळ घालूं नये, घड्याळ पाहूं नये, पुस्तक काढून वाचीत बसूं नये, पायानें जमिनीवर किंवा बोटांनीं मेजावर ठोके देऊं नयेत, अशी सारी यादी त्यांत आहे. ती वाचून फ्रँकलिनसाहेबांना कोणत्या मंडळींशीं खेळावें लागत असेल याची कल्पना येते. त्यांतील एक सूचना आजच्या गप्पिष्टांना तंतोतंत लागू पडते. आपण वाईट खेळी केली, आतां आपण हरलों, असें खोटें बोलून प्रतिपक्ष्याला गाफील करूं नये, असें तो सांगतो. आजच्या चौकटींत "अरेरे, चूक झाली!" असे शब्द उमटले, तर त्या चुकीच्या पाठीमागें सापळा आहे कीं काय हें पाहण्यांत शहाणपण आहे.

पुढें स्पर्धा वाढल्या आणि वेळ मोजला जाऊं लागला. १८६१ सालीं अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यांत वाळूचीं घड्याळें वापरलीं गेलीं. १८८३ च्या लंडन येथील स्पर्धेंत जोड घड्याळ आलें. वेळाला किंमत आली तशी शांततेलाहि आली. १९२४ सालीं पॅरिस येथें स्थापन झालेल्या फिडे या जागतिक संघटनेच्या नियमांत प्रतिपक्ष्याचें लक्ष विचलित करणें किंवा त्याला त्रास देणें सर्वस्वीं निषिद्ध आहे, आणि अवाजवी रीतीनें बरोबरीचे प्रस्ताव करीत राहणें हाहि त्रासच मानला आहे. नियम असला तरी माणसें माणसेंच. १९७१ सालीं स्पेनमधील सेव्हिल शहरीं माजी जगज्जेता तिग्रान पेत्रोस्यान आणि जर्मनीचा तरुण रॉबर्ट ह्युबनर यांचा सामना चालला असतां रस्त्यावरचा गोंगाट दालनांत येत असे. ह्युबनर बेजार झाला. पेत्रोस्यानला ऐकूं कमी येत असल्यामुळें तो कानाला यंत्र लावीत असे. त्यानें तें यंत्र बंद केलें आणि तो स्वस्थपणें खेळत बसला. सहा डाव बरोबरींत सुटले, सातवा ह्युबनर हरला आणि सामना सोडून निघून गेला. गोंगाट दोघांनाहि सारखाच होता.

पेत्रोस्यानच्या त्या कळीसारखी कळ आज प्रत्येकाच्या हातीं आहे, फक्त ती दाबावयाचें सुचत नाहीं. १९९२ सालीं इंटरनेटवरील पहिलें बुद्धिबळाचें केंद्र सुरू झालें तेव्हांपासून खेळाबरोबर संभाषणहि आलें. त्या काळच्या अक्षरी पडद्यावर खेळाडूशीं बोलण्याची आज्ञा वेगळी, सर्वांस ऐकूं जाईल असें बोलण्याची वेगळी, आणि खेळाडूंना न कळतां प्रेक्षकांत कुजबुजण्याची वेगळी असे. ज्याचें बोलणें नको त्याचें नांव एका यादींत टाकण्याचीहि सोय होती. पुढें २००७ सालीं चेस डॉट कॉम आणि २०१० सालीं तिबो द्युप्लेसी या फ्रेंच तरुणाचें लिचेस हें विनामूल्य संकेतस्थळ निघालें. दोन्हीकडे संभाषण बंद ठेवतां येतें. लिचेसवर तर पटाखेरीज सारें कांहीं दृष्टीआड करणारी एकाग्रतेचीहि योजना आहे. प्रेक्षकांची बडबड तेथें निराळ्या दालनांत होते, म्हणजे ओसरीवरचे दहाजण दाराबाहेर बसविले गेले. राहिला तो एकटा प्रतिपक्षी.

ही कळ डाव सुरू होण्यापूर्वीं दाबावी. डाव रंगांत आल्यावर ती शोधूं लागणें म्हणजे पुन्हा तेंच नुकसान. शिवाय बोलणें चालू असतां तोंडावर दार लावल्यासारखें होतें आणि कोमल मनाच्या खेळाडूला त्याचीच रुखरुख लागते. आधींपासून बंद असलेल्या दारानें कोणाचा अपमान होत नाहीं. ज्यांना इतकें कोरडें राहणें आवडत नाहीं त्यांच्यासाठीं लिचेसवर तयार शब्दांचीं बटणें ठेवलेलीं आहेत : आरंभीं नमस्कार आणि शुभेच्छा, शेवटीं डाव चांगला झाला आणि आभार. एका स्पर्शांत काम होतें. पहिल्या खेळीपूर्वीं एक शब्द, शेवटच्या खेळीनंतर एक शब्द आणि मधल्या काळांत कांहीं नाहीं, एवढी रीत पाळली तर उद्धटपणाचा आरोप कोणी करूं शकणार नाहीं. आणि कोणीं केलाच तर तो मनुष्य आरोप करण्यासाठींच आलेला होता असें समजावें.

बोलणारे सारे सारखे नसतात हें खरें. कोणी हवापाण्याची चौकशी करतो, कोणी प्रत्येक खेळीला दाद देतो. कोणी हरूं लागला म्हणजे बरोबरीसाठीं काकुळतीला येतो : आपलें रेटिंग फार खालीं गेलें आहे, इंटरनेट अडखळत आहे, एवढा डाव सोडून द्यावा. कोणी शिव्याच देतो; त्याच्याबद्दल फार विचार करण्याचें कारण नाहीं, संकेतस्थळाकडे तक्रार नोंदवावी आणि त्याचें दार कायमचें बंद करावें. खरा जिव्हारीं लागणारा शब्द शिवीचा नसतोच. तो असतो संशयाचा : "तूं यंत्राच्या मदतीनें खेळत आहेस." प्रामाणिक मनुष्य शिवी गिळतो, पण हा आरोप त्याला गिळवत नाहीं. तो आपलें निर्दोषत्व सिद्ध करूं लागतो, आणि तेंहि घड्याळ चालू असतां! संगणक आज जगज्जेत्यांनाहि सहज हरवतात आणि चोरून त्यांची मदत घेणारे लोक आहेत, म्हणून संशय अगदींच निराधार असतो असेंहि नाहीं. पण त्याचा निवाडा दोन खेळाडूंनीं अर्ध्या मिनिटांत करावयाचा नसतो. मोठ्या संकेतस्थळांवर खेळ्या तपासून लबाडी ओळखणारी यंत्रणा आहे आणि तक्रार तिच्याकडे करतां येते. ज्याच्यावर आरोप आला त्यानें पुढची खेळी करावी. ज्याला संशय आला त्यानेंहि तो पटाशेजारीं लिहूं नये. कारण आरोप खोटा असेल तर निरपराधाला टोंचणी लागते, आणि खरा असेल तर चोर सावध होतो.

लहान मुलांच्या बाबतींत मात्र प्रश्न डावापुरता राहत नाहीं. त्या नातीला पहिला प्रश्न देशाचा आला, दुसरा वयाचा. तिसरा शाळेचा आला असता. विचारणारा कदाचित् तिच्याच वयाचा, निरुपद्रवी मुलगा असेल. परंतु तें ओळखण्याचें साधन मुलीजवळ नाहीं आणि तिच्या पालकांजवळहि नाहीं. रस्त्यांत अनोळखी माणसानें पत्ता विचारला तर मुलांनीं काय करावें हें घरोघरीं सांगितलेलें असतें. पटासमोर तेंच मूल सारें विसरतें, कारण बरोबर खेळणारा त्याला अनोळखी वाटतच नाहीं. लिचेसवर मुलांसाठीं सर्व संभाषण बंद ठेवणारी निराळी व्यवस्था आहे, आणि चेस डॉट कॉमनें मुलांचें स्वतंत्र संकेतस्थळच काढलें आहे. वडील माणसांनीं या गोष्टी स्वतः पाहून लावून द्याव्या. रेटिंगचे दहावीस गुण गेले तर चार दिवसांत परत मिळतात. कांहीं गोष्टी मिळत नाहींत. आणि अशा एखाद्या प्रसंगावरून खेळच बंद करावा, हा जो उपाय कित्येक घरांतून योजला जातो, तो मुलीवर अन्याय करणारा आहे. तिनें गुन्हा केलेला नसतो.

इतकें झाल्यावर बोलक्या प्रतिपक्ष्याची बाजूहि ऐकली पाहिजे. २०२० सालीं साथीमुळें जगभर माणसें घरांत कोंडलीं गेलीं, तेव्हां हा खेळ फार फोफावला. त्या दिवसांत कित्येकांना दिवसभरांत घराबाहेरच्या कोणाशीं दोन शब्द बोलावयाला मिळत असतील तर ते या पटाशेजारींच. साथ ओसरली, पण एकटीं राहणारीं माणसें कांहीं कमी झालीं नाहींत. रात्रीं दोन वाजतां "तिकडे पाऊस आहे का?" असें विचारणारा मनुष्य दर वेळीं डाव उधळण्याच्याच हेतूनें विचारतो असें मानणें निर्दयपणाचें आहे. त्याला खेळापेक्षां सोबत हवी असते, आणि त्यासाठीं त्यानें चुकीची जागा निवडलेली असते. तीन मिनिटांचा डाव ही सोबतीची जागा नव्हे. दिवसाला एक खेळी अशा पत्ररूपानें चालणाऱ्या डावांत मात्र अशा माणसाइतका चांगला प्रतिपक्षी सांपडणार नाहीं. त्यांत पावसापासून नातवंडांपर्यंत सारें बोलून होतें आणि कोणाचें घड्याळहि बुडत नाहीं. जलद डाव संपल्यावर त्याला तिकडे बोलावून घेणारे खेळाडू आहेत, आणि कित्येक ओळखी अशा वर्षानुवर्षें टिकल्या आहेत.

त्या घरांत दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं नात पुन्हा खेळावयास बसली. बोलण्याची चौकट आजोबांनीं आधींच बंद करून घेतली होती. कळ कोठें आहे तें मात्र नातीनेंच त्यांना दाखविलें. डाव सुरू झाला. चौकटींत शब्द नाहींत, प्रश्न नाहींत, केवळ दोन घड्याळें आळीपाळीनें कमी होत आहेत. एक प्यादें वर चढलें, हत्ती मोकळ्या पट्टींत आला. एक मिनिट उरलें. आजोबा पुढें वांकले.

"अगं, तो घोडा बघ, तो घोडा उचल आधीं..."

"आजोबा, घड्याळ चालू आहे!"